चित्रातला ओरखडा

३ मार्च १८८१, गुरुवार

सकाळी पावाची तिसरी भट्टी बाहेर काढत होते, तेवढ्यात दारावर ठोकाठोक ऐकू आली. वाटलं गिऱ्हाईक असेल. बाहेर येऊन बघते तर नगरपालिकेचा माणूस माझ्याच दारावर खिळे मारून कागद लावत होता. मी म्हटलं, "अहो, दार माझं आहे, निदान विचारायचं तरी!" तो म्हणाला, "बाई, दार राहणारच नाहीये, मग विचारायचं काय?"

कागदात लिहिलंय की ग्लव्हर्स रो मधली सहाही घरं गेल्या दहाबारा वर्षांत रस्त्याकडे झुकत चालली आहेत, कधीही कोसळतील, म्हणून ती पाडून रस्ता रुंद करावा. २४ तारखेच्या सभेत ठराव यायचा आहे. कुणाची हरकत असेल तर त्यानं समक्ष येऊन सांगावी. खाली सर्व्हेअर गार्बटची सही, तीही अशी फुलापानांची की जणू लग्नाची पत्रिका.

घर वाकडं आहे हे मला कुणी सांगायला नको. लग्न होऊन लेडमिन्स्टरला आले त्या पहिल्याच आठवड्यात हातून वाटाणे सांडले, ते घरंगळत सगळे रस्त्याकडच्या भिंतीपाशी जाऊन बसले. एकोणतीस वर्षं झाली, अजूनही जे सांडेल ते तिथेच सापडतं. झाडायचा अर्धा त्रास वाचतो. पण जेवढं वाकडं तेव्हा होतं तेवढंच आज आहे, हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन.

माझा नवरा जॉब जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्यामागे भट्टी मी विझू दिली नाही. ही भट्टी भिंतीत बांधलेली आहे, उचलून दुसरीकडे नेता येत नाही. घर गेलं की भट्टी गेली, आणि भट्टी गेली की थर्झा क्लेट या बाईचं काय उरतं, हे मला आज दिवसभर विचार करूनही सांगता आलं नाही.

४ मार्च

वन्सं वरच्या खोलीतून खाली आल्या, कागद वाचला, आणि पुन्हा वर जाऊन हातमोजे शिवत बसल्या. माझी नणंद डॉर्कस बासष्ट वर्षांची आहे, बिनलग्नाची, आणि बोलण्याच्या बाबतीत जगात तिच्याइतकं कंजूष माणूस नसेल.

दुपारी एनॉक आला. माझा मुलगा स्टेशनवर कारकून आहे आणि त्याला वाटतं रेल्वे त्यानंच शोधून काढली. म्हणतो, "आई, रस्ता रुंद झाला तर स्टेशनला किती सोपं पडेल!"

"हो का? मग आगगाडी माझ्या भट्टीतूनच ने ना. पाव आपोआप डब्यात पडतील."

बिचारा दोन बन खाऊन गेला.

तो गेल्यावर काउंटरमागच्या चित्राकडे लक्ष गेलं. ते तिथे माझ्या लग्नाआधीपासून आहे. आमचीच रांग, गल्लीच्या कोपऱ्यावरून बघितलेली. पुढे आलेले वरचे मजले, काळी लाकडं, वाळत घातलेली धुणी, वरच्या खिडकीपाशी जिरेनियमच्या फुलाचा तांबडा ठिपका. पेनफोल्ड नावाचे एक ड्रॉइंग मास्तर तेव्हा वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, त्यांनी काढलेलं. चित्राला एकच खोट आहे. छपराच्या टोकापासून पार दारापर्यंत एक बारीक पांढरा ओरखडा आलाय. एकसष्ट साली, चित्राला काच लावायच्या आधी, एनॉकच्या हातात चाकू सापडला होता, त्याचे प्रताप. तेव्हा चांगली सणसणीत ठेवून दिली होती.

आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. चित्रातही घरं झुकलेलीच आहेत की! पस्तीस वर्षांपूर्वीही अशीच होती, याचा हा पुरावा.

मी चित्र उतरवून उजेडात नेलं तर वन्सं जिन्यावरून ओरडल्या, "उन्हात नको! निळा उडेल."

"वन्सं, नुसतं बघतेय. बघा, धुणी तर आत्ताच फिकी पडली आहेत, पांढरा रंग सगळा गेला."

"तिथे रंग नव्हताच. तो कागद आहे. पांढरं लावत नसतात, राखून ठेवतात."

"आणि जिरेनियम?"

"ते फूल नाही," एवढं म्हणाल्या आणि वर गेल्या.

मला वाईट वाटलं. गावात सगळे म्हणतात की पेनफोल्ड मास्तर गेल्यावर वन्संनी कुणाकडे बघितलंच नाही. त्यांचं बोलणं अजून पाठ आहे बिचारीला.

७ मार्च, सोमवार

चित्र चादरीत गुंडाळून गार्बटच्या कचेरीत गेले. गार्बट म्हणजे चाळिशीचा, टापटीप, मिशीला मेण लावणारा माणूस. वाईट नाही, पण स्वतःच्या फूटपट्टीवर त्याचं फार प्रेम.

म्हणाला, "मिसेस क्लेट, मी ओळंबा सोडून मोजलंय. तुमच्या घराचा माथा पायापेक्षा चौदा इंच पुढे आहे. चौदा!"

"असेल. तो पस्तीस वर्षांपूर्वीही होता. हे बघा."

त्यानं चित्र लांब धरून बघितलं आणि हसला. "चित्रकार लोकांना वाकडं घर दिसलं की पाणी सुटतं तोंडाला. नसलं वाकडं तर ते करतात. सरळ घराचं चित्र विकत कोण घेतो?"

मी म्हटलं, "माझे पाव सरळ असतात, ते रोज विकले जातात." पण दाराबाहेर पडल्यावर डोळ्यात पाणी आलं. रागाचं होतं. बहुतेक.

घरी येऊन वन्संना सगळं सांगितलं. त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं. मोजायला उशिरा आला तो." यावर मी काय समजायचं?

१२ मार्च

नवं सुचलं. चित्र खोटं नाही हे चित्रकारानंच सांगितलं तर? आमच्या चॅपलचे धर्मगुरू, मिनिस्टरसाहेब, यांच्याकडून कळलं की पेनफोल्ड मास्तर हयात आहेत, बाथला राहतात. त्यांना सविस्तर पत्र टाकलं. वन्संना सांगितलं तर त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला. "कशाला लिहिलंस? कशाला उकरायचं ते?"

मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, "वन्सं, या वयात लाजायचं काय?"

त्यांनी हात काढून घेतला. एवढ्या जुन्या प्रेमाची अजून इतकी आग!

१५ मार्च, मंगळवार

आज एक मोठा गाढवपणा होता होता वाचला. कबूल करून टाकते, इथे तरी.

सभेत न्यायचं चित्र असं कळकट कसं न्यायचं? काच काढली. चित्राभोवती पुठ्ठ्याची रुंद पट्टी आहे ती तशीच राहू दिली आणि शिळ्या पावाचा मऊ गर घेऊन आभाळ हलक्या हातानं पुसलं. माझी आई भिंतीवरचा कागद असाच साफ करायची. आभाळ असं उजळलं की मलाच कौतुक वाटलं. मग म्हटलं, तो ओरखडाही बुजवून टाकावा. एनॉकच्या बायकोकडून रंगाची पेटी मागून आणली, तपकिरी रंग घोटला, कुंचला भिजवला, आणि टेकवणार एवढ्यात माझं मनगट कुणीतरी असं धरलं की कुंचला उडून पिठात पडला.

वन्सं होत्या. मी त्यांना एकोणतीस वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"ओरखडा नाही तो, मूर्ख बाई! ओळंबा आहे!"

"कसला ओळंबा?"

"सुताराचा! त्या दिवशी छपराखाली काम चाललं होतं, सुतारानं दोरी सोडली होती. कुंचल्यानं इतकी बारीक रेघ येत नाही, म्हणून चाकूनं रंग खरवडून कागद उघडा केलाय. खाली बघ, नीट बघ!"

भिंग आणून बघितलं. देवा! त्या रेघेच्या टोकाला मोहरीएवढा शिशाचा गोळा आहे, आणि तो टेकलाय कशावर? तर पायरीशेजारच्या बूट खरवडायच्या लोखंडी पट्टीवर. दोन शिंगं असलेली ती पट्टी अजून तिथेच दगडात रोवलेली आहे. रोज मीच तिला ठेचाळते. डाव्या शिंगाच्या अगदी टोकावर गोळा!

म्हणजे आज त्याच जागेवरून दोरी सोडली आणि गोळा त्याच शिंगावर आला, तर घर पस्तीस वर्षांत तसूभर हललं नाही. मी वन्संना मिठी मारली, सगळं पीठ त्यांच्या काळ्या पोशाखाला लागलं. म्हटलं, "मास्तरांनी तुम्हाला किती जवळ बसवून समजावलं असेल हो सगळं!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी जळक्या पावाकडे बघते.

मग आठवलं. ज्या ओरखड्यासाठी एनॉकला मारलं, तो त्यानं केलाच नव्हता.

२१ मार्च, सोमवार

पेनफोल्ड मास्तरांचं उत्तर आलं. चार पानं, त्यातली तीन संधिवातावर. कामाचं तेवढं उतरवून ठेवते.

"ते चित्र माझं नाही. छपरांवर इतकी धुरांडी मी कधीच काढणार नाही, दोन पुरतात. शिवाय मी चाकू वापरत नाही. तुमच्या घरातली एक मुलगी माझे कुंचले धुवायची, रंग कालवून द्यायची. तिच्या नखांत कायम नीळ असायची. मी निघालो त्या सप्टेंबरात ती रंग माझ्यापेक्षा चांगले कालवत होती. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही, याचं मला आता वाईट वाटतं."

चित्र मास्तरांचं नाही, म्हणजे कुणाचंच नाही! नखं निळी असलेली मुलगी म्हणजे तेव्हाची मोलकरीण सॅली असणार. ती पटकीच्या साथीत गेली. आता साक्ष कोण देणार?

पत्र वन्संना वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याशी त्यांनी हात पुढे केला, पत्र घेतलं, आणि त्या वर गेल्या. जेवायला खाली आल्या नाहीत. मी त्यांचं सूप जिन्यावर ठेवून आले. मास्तरांनी आपली आठवणसुद्धा काढली नाही, मोलकरणीची काढली, याचं दुःख असणार. पुरुष मेले सगळे सारखेच.

२४ मार्च, गुरुवार

आजचं आजच लिहायला हवं.

नगरभवन गच्च भरलं होतं. आमच्या रांगेतले सगळे, चॅपलमधले अर्धे, आणि ज्यांना दुसरं काम नव्हतं ते उरलेले. वर मेयर थॅकवेल. लाकडाचा मोठा व्यापारी, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं असं मोजून की शब्दाला भाडं पडत असावं.

गार्बट बोलला. चौदा इंच, आगगाडीचे हादरे, पोराबाळांचे जीव. टाळ्याही पडल्या. मग मी उठले. चित्र दाखवलं, ओळंबा दाखवला, शिंग दाखवलं. मला वाटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण गार्बट उठून शांतपणे म्हणाला, "छान. हे चित्र कुणी काढलं? कधी काढलं? ही दोरी खरोखर होती, की शोभेला काढली? बाई, यातलं एक तरी सांगा."

मी पेनफोल्डांचं पत्र बाहेर काढलं. ते वाचणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, पण न वाचणं म्हणजे लबाडी. वाचलं. 'ते चित्र माझं नाही' म्हटल्यावर मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मेयर म्हणाले, "मग मिसेस क्लेट, चित्रकाराचा पत्ता नाही, तर—"

"आहे."

मी आवाज ओळखला नाही. मान वळवली तर वन्सं उभ्या होत्या. रविवारची टोपी घातलेली, हातात मोजे.

मेयर म्हणाले, "मिस क्लेट, चित्र तुमच्या घरातलं आहे हे आम्हाला ठाऊक आहे."

"घरातलं नव्हे. माझं. मी काढलंय."

वन्संनी मिनिस्टरसाहेबांकडे वळून बघितलं आणि त्यांच्याशीच बोलावं तशा बोलल्या. "आमचे वडील चॅपलच्या कारभारी मंडळातले डीकन होते. हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलीनं चित्र काढणं म्हणजे गर्व, असं त्यांचं मत. माझे रंग त्यांनी चुलीत घातले. हे एक चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. 'हे कुणाचं?' म्हणून विचारलं. मी म्हटलं, मास्तरांचं. म्हणून ते जळायचं वाचलं. पण ते खोटं होतं. एकदा बोललेलं पस्तीस वर्षं निस्तरता आलं नाही. दर रविवारी तुमच्यासमोर बसले आणि खोटीच राहिले. आता काय द्यायची ती शिक्षा द्या. पण चित्र खरं आहे."

आमच्या चॅपलमध्ये भर लोकांत खोट्याची कबुली देणं काय असतं ते बाहेरच्याला कळणार नाही. नाव कापतात. अंत्यविधीलासुद्धा कुणी येत नाही. आणि ही बाई माझ्या भट्टीसाठी उभी राहिली होती. मला हुंदका आवरेना. ते सूप, ते सॅलीचं दुःख, ते जवळ बसवून समजावणं! कुठे तोंड लपवू असं झालं.

गार्बट म्हणाला, "कुणीही असं म्हणू शकतं."

"चाकू आहे का कुणाकडे?" वन्संनी विचारलं. एनॉकनंच दिला. (एनॉकनं! चाकू!) त्यांनी चौकटीची मागची पाठ काढली, पुठ्ठ्याची पट्टी उचलली, आणि इतकी वर्षं झाकलेली कागदाची कड उघडी झाली. त्यावर पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं. कारकुनानं मोठ्यानं वाचलं:

"९ जून १८४६. ओळंबा ॲबेल थॅकवेल यांनी माथ्याच्या दुसऱ्या खुंटीवरून सोडला. बूटपट्टीच्या डाव्या शिंगावर. डी. क्लेट."

मेयरसाहेब चष्मा लावत खाली उतरले. "ॲबेल थॅकवेल?"

"तुमचे वडील. हे बघा, शिडीवर. तांबडा रुमाल गळ्यात. ऊन सरकेल म्हणून मी म्हटलं, जरा हलू नका. माणूस आठपासून दुपारपर्यंत शिडीवर उभा राहिला. मधे फक्त एकदा शिंकले."

ते जिरेनियम! मी इतकी वर्षं ज्याला फूल म्हणत होते, तो सुतार होता.

मेयरसाहेब सुताराचे चिरंजीव आहेत हे गावात म्हातारे सोडले तर कुणाला आठवत नव्हतं, आणि त्यांनीही कधी आठवण करून दिली नव्हती. ते वाकून बघत राहिले. शेवटी बारीक आवाजात म्हणाले, "त्यांचं एकही चित्र नाही आमच्याकडे. फोटो काढायचे पैसे झाले तोवर ते गेले."

गार्बट अजून कागदातच डोकं घालून होता. म्हणाला, "ते सगळं ठीक, पण एका गावठी सुताराच्या ओळंब्यावर भरवसा—" आणि मग त्याच्या ध्यानात आलं. कान तांबडे झाले.

मेयरसाहेब सरळ उभे राहिले. "मि. गार्बट, त्या गावठी सुतारानं या गावातल्या अर्ध्या घरांचे वासे चढवले. हे छप्परसुद्धा. तुमच्या डोक्यावर आहे, बघून घ्या." सगळी सभा वर बघू लागली. "शनिवारी बाजाराच्या वेळी, भर दुपारी, सगळ्यांसमोर. ओळंबा तुमचा. खुंटी त्यांची. शिंगावर आला तर घरं राहतील. नाही आला तर मी स्वतः पहिली कुदळ मारीन."

परत येताना वन्सं माझ्या हाताला धरून चालत होत्या. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? तू मला सांगतच होतीस, मी कुणाच्या प्रेमात आहे ते."

२५ मार्च

मागची पानं वाचून काढली. माझ्याइतकं आंधळं माणूस डोळे असून दुसरं नसेल. एक पानही फाडणार नाही, शिक्षा म्हणून राहू दे.

उद्या गोळा दोन इंच बाजूला पडला तर? घरं खरंच हलली असतील तर? वन्संना विचारलं. म्हणाल्या, "घराचं मला माहीत नाही. मी त्या दिवशी बरोबर बघितलं होतं, एवढं माहीत आहे."

२६ मार्च, शनिवार

आम्ही जिंकलो! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

उद्या मदरिंग संडे, आईला भेटायला जायचा सण, त्यामुळे आयांसाठी सिम्नेल केक न्यायला गर्दी उसळली होती. त्यात ही परीक्षा. बारा वाजता गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या दारूवाल्यानं खिडक्या भाड्यानं दिल्या, मेला.

एनॉक शिडीवर चढला. मीच म्हटलं, तू चढ. वन्सं खालून ओरडल्या, "पहिली नव्हे, दुसरी! वाकडी आहे ती!" लाकडी खुंटी होती तिथेच, पस्तीस वर्षं ऊनपाऊस खाऊन काळी पडलेली. गार्बटनं स्वतःचा पितळी ओळंबा वर दिला. एनॉकनं दोरी बांधली आणि गोळा हळूहळू खाली सोडला.

आणि वारा सुटला! गोळा इकडून तिकडे झोके घेऊ लागला. एकदा शिंगाला लागला तेव्हा लोक ओरडले, लगेच हातभर लांब गेला तेव्हा हाय हाय म्हणाले. गार्बट म्हणाला, "असं कसं मोजायचं?" मी आत धावले, कणीक मळायची फळी उचलून आणली, पाच फूट लांब, आणि वाऱ्याच्या बाजूला आडवी धरून उभी राहिले. फळी धरायला आणखी एक जण आला. बघते तर मेयरसाहेब, सोन्याच्या साखळीसकट, बाहीला पीठ.

वारा अडला. गोळ्याचे झोके लहान झाले. बाजारात एक कोंबडा ओरडत होता, त्याला कुणीतरी गप्प केलं. झोके आणखी लहान झाले. मग गोळा थांबला.

डाव्या शिंगावर. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

गार्बट गुडघ्यावर बसला. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं, शिंग आणि गोळा यांच्यामध्ये कागद सरकवून बघितला, तो सरकला नाही. मग त्यानं वही काढली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "हालचाल, काही नाही." उठून वन्संसमोर टोपी काढली. "मिस क्लेट, माझी चूक झाली. मी वाकडेपणा मोजला, तो कधीचा आहे ते विचारलं नाही. तुमच्यासारखी नजर माझ्या कचेरीत असती तर बरं झालं असतं."

वन्सं म्हणाल्या, "जागा आहे का रिकामी?" आणि लोक असे हसले, असे ओरडले, की मला घर आत्ता पडतंय की काय वाटलं. पडलं नाही. मी रस्त्यात उभी राहून मोठमोठ्यानं रडले, फळी हातात तशीच. एक वाजेपर्यंत सगळे सिम्नेल संपले.

एक मात्र मी लपवून ठेवला होता. तो एनॉकला दिला. म्हटलं, "वीस वर्षांपूर्वीची थप्पड परत घेता येत नाही, हा घे." तो म्हणाला, "आई, त्या दिवशी मी साखर चोरली होती, ती तुला कळलीच नव्हती. फिटलं समज."

३० मार्च

ठराव मागे घेतला. सगळ्यांचे हात वर, गार्बटचाही. स्टेशनचा रस्ता आता गुरांच्या बाजाराकडून जाईल.

चॅपलनंही निकाल दिला. वन्संनी तीन रविवार मागच्या बाकावर बसावं. पहिल्याच रविवारी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, माझ्या मागून आमची अख्खी रांग आली, आणि मिनिस्टरसाहेबांना पुढच्या रिकाम्या बाकांना प्रवचन द्यावं लागलं.

मेयरसाहेबांनी चित्र मागितलं. वन्सं नाही म्हणाल्या. पण शिडीवरच्या माणसाचं मोठं चित्र काढून देते म्हणाल्या. चेहरा आठवतो का, विचारलं. "चार तास बघत होते," म्हणाल्या.

१७ मे, मंगळवार

बाथहून एक पार्सल आलं. रंगाच्या बारा वड्या आणि एक चिठ्ठी, "जे तेव्हा सांगायचं राहिलं त्याबद्दल. पेनफोल्ड." वन्संनी ती दोनदा वाचली आणि नाक शिंकरलं.

आज त्या गल्लीच्या कोपऱ्यावर, त्याच जागी, स्टूल टाकून बसल्या. पोरं जमली, बायका जमल्या, गार्बटही जाता जाता पाच मिनिटं थांबला. मी दुकानातून डोकं बाहेर काढलं तर ओरडल्या, "थर्झा, दारात ये! उभी राहा!"

"अहो वन्सं, भट्टी आहे!"

"जळू दे. हलू नकोस."

दोन तास उभी राहिले. पीठ लागलेला ॲप्रन, विस्कटलेले केस. पायांना मुंग्या आल्या, एक भट्टी खरंच जळली, तोंडातून ब्र काढला नाही. मग बघायला गेले. सगळी रांग होती. वाकडी, देखणी, धुरांडी सगळीच्या सगळी. उजव्या कोपऱ्यात पूर्ण नाव, डॉर्कस क्लेट, चांगलं ठसठशीत. पण आमच्या दारात नुसतं पांढरं भोक.

मी म्हटलं, "वन्सं, मला काढलंच नाही? दोन तास उभी केलीत!"

त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला, त्या पांढऱ्याच्या वर एक ठिपका दिला, तो माझा चेहरा झाला. बाजूला दोन ठिपके दिले, ते माझे हात. मधला कोरा कागद आपोआप माझा ॲप्रन होऊन उभा राहिला.

"पांढरं लावत नसतात, किती वेळा सांगू," त्या म्हणाल्या. "सगळ्यात आधी तुझी जागा राखली. घर तिच्याभोवती काढलंय."